पाण्याच्या मशीनवाल्याची नेमणूक

"लग्न झालंय का?" अप्पांनी विचारलं.

समोरचा उमेदवार गोंधळला. माझ्याकडे वळून म्हणाला, "मॅडम, उत्तर यांना द्यायचं का तुम्हाला?"

"त्यांना. मुलाखत तेच घेतायत."

परभणीत वसमत रोडला एका भाड्याच्या घरात आमच्या संस्थेचे तिघं राहतात. अप्पा, सुखदेव आणि बाळू. तिघंही चाळिशीच्या आसपासचे आणि बौद्धिक दिव्यांग, म्हणजे नवी गोष्ट समजायला, शिकायला त्यांना इतरांपेक्षा वेळ लागतो. हे वसतिगृह नाही. आमच्या कामात याला सपोर्टेड लिव्हिंग म्हणतात. घर त्यांचं, जिथं अडेल तिथं मदत आमची. मदतीला एक केअरटेकर घरातच असतो. मी त्या घराची सुपरवायझर.

आधीचा केअरटेकर बाजारात जाताना बाहेरून कुलूप लावायचा. हे आम्हाला कळलं ते सुखदेवच्या भावामुळे. तो शेळ्यांच्या बाजारासाठी सोनपेठहून आला होता, जाता जाता भेटायला वळला. बघतो तर कुकर जळालेला, घरात धूर आणि तिघं खिडकीचे गज धरून खोकतायत. दाराला कुलूप. त्यानं दगडानं कुलूप फोडलं म्हणून निभावलं.

नवा माणूस घेताना मी मीटिंगमध्ये म्हटलं, ज्यांना त्याच्यासोबत राहायचंय त्यांनाच निवडू द्या. सगळीकडं चांगल्या ठिकाणी असंच करतात.

आमचे सचिवसाहेब हसले. "करा की. नाव फक्त आमच्या पंकजचं निघू द्या."

पंकज त्यांचा भाचा.

आदल्या दिवशी मी तिघांसोबत बसून प्रश्न ठरवले. अप्पांचा प्रश्न झोपेचा. सुखदेवचा दाराचा. बाळू बोलत नाही. तो उमेदवाराचा हात धरून बसणार, असं त्यानं करूनच दाखवलं. मी म्हटलं, ठीक आहे, तुमची पद्धत.

सकाळी पहिला आला तो एका वसतिगृहाचा माजी वॉर्डन. त्याला लग्नाचं विचारलं ते अप्पांनी ऐनवेळी घुसवलेलं. मग ठरलेला प्रश्न. "झोपायचं कवा?"

"नऊला लाइट बंद. शिस्त म्हणजे शिस्त."

"पिच्चर असला तरी?"

"तरी."

अप्पांनी माझ्याकडं बघून मान हलवली. वॉर्डन गेला.

दुसरा पंकज. बाळूनं हात धरल्याबरोबर त्यानं तो सोडवला आणि रुमालानं पुसला. सुखदेवनं विचारलं, "तुमी भायेर जाताना दार कसं ठेवणार?"

"बाहेरून लॉक करणार. तुमच्याच सेफ्टीसाठी."

सुखदेव उठून आतल्या खोलीत गेला तो पंकज जाईपर्यंत बाहेर आला नाही.

तिसरा उमेदवार जिंतूरहून यायचा होता. तेवढ्यात सचिवसाहेबांचा फोन आला, मी मागच्या अंगणात गेले. त्यांना पंकजचं काय झालं ते हवं होतं. मी बराच वेळ "प्रोसेस सुरू आहे" म्हणत राहिले. आत आले तर खुर्चीत टाय लावलेला एक तरुण. पायाशी मोठी बॅग. त्याचा उजवा हात बाळूच्या हातात. आता हा कुणी असणार? जिंतूरचा. मी सरळ सुरुवात केली.

"नाव?"

"फारुख."

"अनुभव?"

"लय घरं फिरलोय मॅडम."

"एका घरात साधारण किती टिकता?"

तो विचारात पडला. "माणसं चांगली असली तर अर्धा तास. न्हाई तर दारातूनच वापस."

मला वाटलं, निदान खरं बोलतोय.

"तक्रार आली तर?"

"फोन करा. बदलून देतो."

"स्वतःला?"

"मशीन, मॅडम!"

त्यानं डाव्या हातानं बॅगेची चेन उघडली. आत पाणी शुद्ध करायचं मशीन. तो घरोघर डेमो देणारा सेल्समन होता. बेल वाजवली, सुखदेवनं दार उघडलं, खुर्ची दिली, बाळूनं हात धरला. त्याच्या नोकरीत असं स्वागत कधी झालं नव्हतं, म्हणून तो बसला.

मी माफी मागून त्याला मोकळं करणार होते. अप्पा म्हणाले, "थांबा मॅडम. आमचे प्रश्न ऱ्हायले."

"अप्पा, हे नोकरीला आले नाहीत."

"आलेत की. खुर्चीत बसलेत."

अप्पांनी विचारलं, "झोपायचं कवा?"

"मला काय ठाव?" फारुख म्हणाला. "झोप आली की."

"अंडे खाता का?" अप्पा लिंगायत, हाही प्रश्न त्यांनी आयत्या वेळी काढलेला.

"खातो. पण तुमाला चालत न्हाई तर इथं कामून खाईन?"

मग सुखदेव. "भायेर जाताना दार कसं ठेवणार?"

फारुख हसला. "दादा, मी तर रोज लोकांच्या दाराभायेरच उभा असतो. बेल वाजवायची. आतल्यानं उघडलं तर आत, न्हाई तर पुढचं घर. दार ज्याच्या घराचं, त्याच्या हातात."

तेवढं बोलून त्यानं एका हातानंच डेमो दिला. बाळूनं दुसरा शेवटपर्यंत सोडला नाही. तिघं पोटभर पाणी प्याले आणि मला सांगितलं, हाच.

जिंतूरचा उमेदवार आलाच नाही. फारुख मात्र दुसऱ्या दिवशी ऑफिसात हजर. टाय नव्हता.

"मॅडम, ते खरंच म्हणत होते का मस्करी?"

"खरंच."

"कंपनीत लागल्यापासनं मला कुणी 'थांबा' म्हणलं न्हाई," तो म्हणाला. "काय काय शिकावं लागंल ते सांगा."

सचिवसाहेब भडकले. "सेल्समन? आणि आमचा पंकज नको? त्यांना काय कळतं?"

"त्याच्यासोबत राहायचंय त्यांना, सर. तिघांनीही पंकजला नाही म्हटलंय."

खूप वादावादीनंतर एका महिन्याच्या ट्रायलवर मान्यता मिळाली. पोलीस व्हेरिफिकेशन झालं, ट्रेनिंग झालं. कुणाला फिट आली तर काय करायचं, औषध कसं द्यायचं, हे तो पटकन शिकला. फोडणी मात्र अजून करपवतो. सुखदेवला त्याचं मशीनचं सगळं भाषण पाठ झालंय. घरात मशीन नाही, तरी येणाऱ्या पाहुण्याला तो डेमो देतो.

ट्रायल संपताना सचिवसाहेब न सांगता क्वालिटी तपासायला गेले. थोड्या वेळानं मला फोन.

"अहो, मला आत घेत नाहीत!"

"कोण?"

"तो सुखदेव. खिडकीतून बोलायलाय."

मागून सुखदेवचा आवाज स्पष्ट येत होता. "अप्पा आंघोळ करायलेत. मंग पूजा हाय. मंग आमी जेवणार. उद्या या."

"त्या फारुखला सांगा ना दार उघडायला!"

"त्याला विचारलंत का?"

"विचारलं. म्हणतो, साहेब, माझं घर न्हाई."

फोनवर मला हसता येत नव्हतं. ते दुसऱ्या दिवशी वेळ घेऊन गेले, चहा प्याले, डेमो ऐकला आणि फारुखला कायम केलं.

तेव्हापासून नव्या सुपरवायझरांना मी एवढंच सांगते. घराची गुणवत्ता तपासायला गेलात आणि राहणाऱ्यांनी तुम्हाला बाहेरूनच परत पाठवलं, तर रागावू नका. तपासणी झाली, चांगले मार्क द्या आणि ऑफिसला या.