हात वर केलेला माणूस

सिनेमाचा शेवट असा: खलनायक पिस्तूल फेकतो, गुडघ्यांवर बसतो, दोन्ही हात वर करतो. इन्स्पेक्टर असलेला नायक तरीही त्याला गोळी घालतो. त्याआधी बसमध्ये बॉम्ब, बहिणीचं अपहरण, लॉऱ्यांचा पाठलाग, सगळं येऊन गेलं होतं. पण तंजावूरच्या त्या टॉकीजमध्ये सगळ्यांत जास्त शिट्ट्या पडल्या त्या या गोळीला. शेजारी बसलेल्या माझ्या मित्रानंही शिट्टी मारली.

मला ते सहन झालं नाही. कोठडीत मार खाऊन मेलेल्या एका ऑटोवाल्यासाठी आम्ही दोघांनी वर्षभर पत्रकं वाटली होती. पत्रकं वाटणाऱ्या आमच्या गटातले बाकीचे कॉम्प्युटर शिकून मद्रासला गेले. उरलो आम्ही दोघंच, राजवाड्यामागच्या गल्लीतले, घरात मराठी बोलणारे. चौकीसमोर उभं राहून आम्ही मराठीत खुशाल शिव्या घालायचो. कुणाला कळायचं नाही.

"तू शिट्टी मारलीस?" बाहेर आल्यावर मी विचारलं.

"अरे, सिनेमा तो! बसभर माणसं मारली त्यानं. आरती ओवाळायची होती काय त्याची?"

"हात वर होते त्याचे."

"तुझं डोकंच पत्रक झालंय," तो हसला आणि नव्या मोटरसायकलला किक मारली. शोरूममध्ये नोकरी लागली होती त्याला.

पत्रक मी एकट्यानं लिहिलं, तमिळमध्ये. शरण आलेल्याला मारणं हा खूनच, पडद्यावर काय नि चौकीत काय! रविवारी टॉकीजच्या फाटकात वाटायला उभा राहिलो. दुसऱ्याच ओळीत सिनेमाचा शेवट फोडला होता, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. रांग खवळली. "तिकीट आम्ही काढायचं, आणि शेवट हा सांगणार!" खुनाबद्दल कुणी चकार शब्द काढेना. माणूस मेला त्याचं काही नाही, मजा गेली त्याचा राग! मी ओरडत होतो आणि माझाच आवाज मला चिरका वाटत होता.

तेवढ्यात तो आला, शोरूमच्या माणसांबरोबर, तोच सिनेमा दुसऱ्यांदा बघायला. मी पत्रक पुढे केलं आणि मराठीत म्हणालो, "तू तरी सांग रे यांना."

त्यानं पत्रक घेतलं, घडी घालून खिशात ठेवलं. मला वाटलं, आता बोलेल. बोलला. तमिळमध्ये, अनोळखी माणसाशी बोलावं तसं अदबीनं, "सार, कोंजम वळि विडुंग." साहेब, जरा वाट सोडा.

त्याच्यामागे माणसं खोळंबली होती. मी बाजूला झालो.