आधी आत्याबाई

दूध डेअरीत तिला सगळे ढवळीमावशी म्हणायचे. बावीस वर्षं एकाच टाकीपाशी उभं राहून दूध ढवळायचं, हे काही खायचं काम नाही. पण बाई सदा हसतमुख. अलीकडे मात्र तिचं हसू पळालं होतं. दुधात फळांचा रस घालून आंबटगोड पेय करायचं ठरलं, आणि दोनदा टाकीभर दूध फाटलं. खाली चोथा, वर पाणी. साहेब म्हणाले, "सोमवारी शेवटचा प्रयत्न. नाही जमलं तर तुम्ही पॅकिंगला." म्हणजे दिवसभर बाटल्यांना झाकणं लावा!

केमिस्टने तिला समजावलं होतं. आंबट पडलं की दुधातल्या प्रोटीनचे कण एकमेकांना चिकटायला धावतात. पेक्टिन म्हणजे फळांच्या सालींतून काढलेली लांबलचक साखळी, अंगभर विजेचा भार असलेली. ती कणांना बिलगते आणि त्यांना एकमेकांपासून लांब ठेवते.

"मग माझ्याच टाकीत का बिलगत नाही मेली?"

केमिस्टच्या कागदावर प्रमाण होतं, क्रम नव्हता. मावशीचा हात घरच्या सवयीचा: दाटपणा आणणारी वस्तू सगळ्यात शेवटी, म्हणून पेक्टिनही रसाच्या नंतरच.

रविवारी तिच्या दोघी नणंदा जेवायला आल्या. दोघींचं विळ्या-भोपळ्याचं नातं, म्हणून मध्ये नेहमी त्यांच्या आत्याबाईंना बसवायचं. दोघींनाही त्यांचा धाक आणि दोघींनाही लळा. त्या दिवशी आत्याबाईंना उशीर झाला. त्या आल्या, मध्ये बसल्याही, पण तोवर चांगलीच जुंपली होती.

"आता माझा काय उपयोग?" आत्याबाई वैतागल्या. "पेटायच्या आधी बोलवायचं ना मला."

मावशीच्या हातातला डाव हातातच राहिला.

सोमवारी तिने दुधात आधी पेक्टिन ढवळलं, मग बारीक धारेने रस सोडला. दूध फाटलं नाही. खिडकीत ठेवलेला ग्लास मंगळवारी तसाच होता, गुरुवारीही तसाच. तिला आनंदाने रडूच कोसळलं. साहेब दोन ग्लास रिचवून गेले, पॅकिंगचं नावही काढलं नाही.

"क्रम कुठून सुचला, मावशी?" केमिस्टने विचारलं.

"नणंदांकडून," ती म्हणाली आणि खो खो हसत सुटली.

पुढच्या रविवारी नणंदांना बाराचं बोलावणं होतं, आत्याबाईंना अकराचं.

"इतक्या लवकर काय काम गं माझं?"

मावशीने नव्या पेयाची बाटली उघडून त्यांच्या हातात दिली. "काही नाही. मधल्या खुर्चीवर बसा आणि हे प्या."