काहून मॅडम आणि बिनरंगी बैल

पारूवर अन्याय झाला तो तान्ह्या पोळ्याच्या दिवशी, दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी, पांढरकवड्यात, भरल्या मांडवात. केला कोणी? मी. आधीच सांगून टाकते, कारण ज्यांच्याबद्दल लिहायला बसले आहे त्या बाईंना लपवाछपवी खपायची नाही.

त्या आमच्या कॉम्प्युटर क्लासच्या मॅडम. गाव त्यांना ‘काहून मॅडम’ म्हणायचं; काहून म्हणजे का. पडद्यावर लाल अक्षरांत एरर आली की बाकीचे मास्तर कपाळाला हात लावतात. या टाळी वाजवायच्या. “आली का! ये बाई, बस. सांग, काहून अडली?” एरर न वाचता कोणी खिडकी बंद केली तर झापायच्या, “पाव्हणीले दारातूनच वाटे लावलं व्हय?”

आम्हाला त्या लुआ शिकवायच्या, खेळ लिहायची भाषा. पहिला आठवडा एकाच शब्दावर गेला: नील. म्हणजे त्या जागी काहीच नाही. आम्ही म्हणायचो, मग शून्य टाका आणि मोकळे व्हा! मॅडम उसळायच्या. “शून्य म्हंजे पोरगं परीक्षेले बसलं अन् त्याले काही आलं नाही. नील म्हंजे त्याचा पेपरच आपल्या हाती नाही. पेपर नाही म्हून नापास करता? लाज नाही वाटत?”

तान्ह्या पोळ्याला आमच्याकडे पोरं लाकडी बैल सजवून मिरवतात. त्या वर्षी उत्सव समितीने मॅडमकडून खेळ करून घेतला. यादीतलं नाव पुकारलं जाणार, पडद्यावर त्या पोराच्या बैलाच्या रंगाचा बैल उभा राहणार, पोराने बटणं दाबून त्याला तोरणाखालून हाकायचं. नावं मॅडमनी लिहिली. रंग मात्र समितीची माणसं मांडवाच्या दारात बैल पाहून भरत होती. यादीत काही कमी दिसलं की खेळ थांबायचा आणि काय कमी आहे ते सांगायचा. सकाळच्या तालमीत तसा तो एकदा थांबला. मॅडम जेवायला गेल्या तशी समितीच्या अध्यक्षांनी, म्हणजे सगळ्यांच्या भाऊंनी, कॉम्प्युटरपाशी बसलेल्या मला गाठलं. “पोरी, पाव्हण्याइसमोर लाल अक्षरं नको. कर काहीतरी.”

मी केलं. लुआत पीकॉल नावाची सोय आहे. तिच्यामुळे ओळ फसली तरी खेळ कोसळत नाही, आणि का फसली याचा निरोप आपल्या हाती येतो. मी सोय घेतली, निरोप फेकला. फसलं की पुढचं नाव. भाऊ खूश, मी हुशार.

पारू झरी जामणीकडच्या कोलाम पोडावरची, म्हणजे कोलामांच्या पाड्यावरची, पांढरकवड्याला आत्याकडे शिकायला होती. तिच्या बापाने सागाचा बैल कोरला होता, रंग न लावता. दारातल्या माणसाने रंगाचा रकाना कोरा सोडला. रंग नील, ओळ फसली, माझ्या पीकॉलने ती गिळली, पारूचं नाव पुकारलंच गेलं नाही. पुढचं नाव! सगळं कसं गुळगुळीत. पारू बैल छातीशी धरून उभी. शेवटच्या पोराचा बैल पळाला, टाळ्या झाल्या, भाऊ बक्षिसाचा नारळ घेऊन उठले, तरी उभीच.

“माहा बैल कुठी हाय?” ती मोठ्याने म्हणाली.

“तुहं नाव नसन वं यादीत. पुढच्या साली ये,” भाऊ म्हणाले.

“नाव हाय,” मॅडम उठल्या. “मी सोता लिवलं. खेळ थांबला नाही, म्हंजे कोणीतरी त्याचं तोंड दाबलं.” मग माझ्याकडे वळल्या आणि अख्ख्या मांडवासमोर विचारलं, “काहून?”

मी की-बोर्ड ओढला, माझी ओळ खोडली आणि खेळ पुन्हा लावला. लाल अक्षरं पाहुण्यांसमोर झळकली: पारू, रंग नाही.

“आली का!” मॅडमनी टाळी वाजवली. “काय वं पारू, रंग काहून नाही?”

“बाबा म्हने, सागाले कायले रंग?”

तिथेच मॅडमनी दोन ओळी लिहिल्या: रंग नसेल तर लाकूडच दाखव. मला म्हणाल्या, “आधी इचारावं, मंग लिवावं. आपल्या मनानं पांढरा ठोकायचा नाही.” आणि तोरणाखालून सागवानी बैल निघाला! पारूने असा हाकला की मांडव उभा राहिला. रंगीत बैलवाली पोरं ओरडू लागली, “मले बी बिनरंगाचा पायजे!” एकाने तर आपल्या बैलाचा रंग नखाने खरवडायला घेतला. नारळ पारूला गेला. भाऊंना द्यावाच लागला.

मॅडम आता लेकीकडे वणीला असतात. क्लासची किल्ली माझ्या हातावर ठेवताना एवढंच म्हणाल्या, “पाव्हण्या आल्या की बसव त्याइले.” पारू क्लासला येते आणि माझ्या ओळीवर बोट ठेवून काहून विचारते. मला राग येतो. पण उत्तर देते.

आणि तुम्ही? तुमच्या हातात पण कुठली तरी यादी असेलच: वर्गाची, वस्तीची, मंडळाची. ती कधीच अडत नसेल तर तिच्यावर विश्वास ठेवू नका. आज उघडा. कोरा रकाना शोधा. त्यात आपल्या मनाने काही भरू नका. त्या माणसाच्या दारी जा आणि विचारा, काहून?