दोऱ्याच्या तीन गाठी

मला एका जागी बसवत नाही. लहानपणी आई म्हणायची, हिच्या पायाला भिंगरी आहे. पण खरी खोड पायांत नाही, हातांत आहे. हात रिकामे राहिले की ते काहीतरी शोधतात. ओढणीचे गोंडे, पेनाचं टोपण, बसच्या तिकिटाची घडी. मीटिंगमध्ये माझ्यासमोर रबरबँड ठेवायचा नाही हे आमच्या ऑफिसात सगळ्यांना माहीत आहे. या खोडीवर मी स्वतःही पुष्कळ हसले आहे. आता हसू येत नाही, आणि का येत नाही ते लिहायला मी आज तिसऱ्यांदा बसले आहे. दोनदा उठून चहा करून आले.

मी जनावरांची डॉक्टर. चंद्रपूरच्या एका संस्थेत काम करते. एटापल्ली, भामरागडच्या आतल्या गावांत जायचं, शेळ्या-कोंबड्यांना लसी टोचायच्या आणि पुढच्या गावाला निघायचं, हे आमचं काम. त्यासाठी संस्थेकडे एक जुनी उंच गाडी आहे, चारही चाकांना जोर लागणारी. मीटरवर तीन लाख किलोमीटर कधीच उलटून गेलेले. तिचे ड्रायव्हर ब्रह्मपुरीकडचे होते, पन्नाशी ओलांडलेले, गावात थोडं धानाचं शेत असलेले. मी त्यांना भाऊ म्हणायची, ते मला डॉक्टरबाई म्हणायचे.

भाऊंचं आणि माझं एकाच गोष्टीवरून वाजायचं. त्यांना गाडी बिघडण्याच्या आधी बघायची असायची आणि मला ती बिघडेपर्यंत पळवायची असायची. दर शनिवारी ते एअर फिल्टर काढून झटकायचे, जिथे जिथे ग्रीस लागतं तिथे तिथे भरायचे, फॅनबेल्ट उलटा करून चिरा बघायचे. बाजारात भेंडीचं टोक मोडून बघतात तसे रबरी पाइप एकेक दाबून बघायचे. मी बाजूला उभी राहून घड्याळ बघायची आणि टोमणे मारायची. गाडीला आता काजळ-टिकली पण करून घ्या, असं मी एकदा म्हटलं होतं. ते हसले आणि गाडीखाली सरकले. माझ्या नाकावरच्या रागाची त्यांनी कधी दखलच घेतली नाही, आणि त्याचाही मला राग यायचा.

पाण्याच्या बाबतीत मात्र ते कोणाचंच ऐकायचे नाहीत. आमच्या वाटेवर नाले पुष्कळ, पूल थोडे. मागच्या दोन चाकांच्या मधोमध लोखंडी गोळा असतो, त्याला डिफरन्शियल म्हणतात. आत दातेरी चाकं आणि घट्ट तेल. चालून चालून तो तापतो, आणि तापलेला गोळा नाल्यात बुडाला की एखाद्या फटीतून पाणी आत ओढून घेतो. मग तेलाचा रंग दुधाच्या चहासारखा होतो. त्या तेलावर गाडी चालवत राहिलं की आतले दाते खाल्ले जातात. हे सगळं त्यांनीच मला शिकवलं, मी न विचारता. म्हणून खोल पाण्यातून गाडी गेली की खालचा नट सैल करायचा, तेल बोटावर घेऊन बघायचं, आणि मगच पुढे लांब जायचं, हा त्यांचा नियम होता.

विसर पडू नये म्हणून त्यांनी एक दोरा बांधला होता. मार्कंड्याच्या जत्रेतून आणलेला लाल दोरा, पुढच्या सीटसमोर धरायला जी मूठ असते तिला. नाल्याचं पाणी चाकाच्या मध्यापर्यंत आलं की दोऱ्याला एक गाठ. तेल बघून झालं की गाठ सोडायची. त्यांच्या सुट्टीत दुसरा ड्रायव्हर यायचा, त्यालाही हे ठाऊक होतं. दोरा सरळ असला तर गाडी काढायची, गाठ असली तर आधी नटाला पाना लावायचा. रजिस्टरं पुष्कळ होती ऑफिसात, पण खरा भरवसा या दोऱ्यावर होता.

दोन वर्षांपूर्वीच्या जुलैत आम्ही भामरागडच्या बाजूने चार दिवसांनी परतत होतो. एका दिवसात तीन नाले लागले आणि दोऱ्याला तीन गाठी पडल्या. आलापल्लीला भाऊंनी गाडी बाजूला घेतली आणि अर्धा दिवस मागितला. गोळ्यावरचा हवेचा पाइप चिरलेला वाटतो, पाणी आत गेलंच असेल, तेल बदलूनच निघू, असं त्यांचं म्हणणं होतं. मला दुसऱ्या दिवशी सकाळी चंद्रपुरात सादरीकरण करायचं होतं. प्रकल्प पुढे चालणार की नाही, म्हणजे माझी नोकरी राहणार की नाही, हे त्यावर ठरणार होतं. माझा जीव टांगणीला लागलेला. मी म्हटलं, भाऊ, आज नाही, घरी पोहोचू द्या. उद्यापासून त्यांची धानाच्या रोवणीची सुट्टी होती. बरं म्हणाले, आणि रस्ताभर गाडी हळू चालवली. मी रस्ताभर चडफडले.

ऑफिसच्या आवारात पोहोचलो तेव्हा दुपारचे चार वाजले होते. चावी खिळ्याला अडकवून भाऊ तसेच बसस्टँडला गेले, ब्रह्मपुरीची गाडी धरायला. जाताना म्हणाले की बदलीच्या ड्रायव्हरला फोन करून ठेवतो, दोरा पाहूनच गाडी काढजो म्हणून. मी पुढच्या सीटवरच बसून होते. साहेबांचा फोन आला होता आणि ते सादरीकरणातला एकेक मुद्दा उलटसुलट विचारत होते. मी उत्तरं देत होते आणि माझा डावा हात रिकामा होता.

फोन संपला, मी फायली गोळा केल्या आणि उतरले. पुढे सादरीकरण चांगलं झालं, प्रकल्प वाढवून मिळाला.

बदलीच्या ड्रायव्हरने पहिले दोन दिवस गाडी कोरपन्याला नेली आणि तिसऱ्या दिवशी सिरोंचाकडे काढली. वाटेत मागून किंचाळल्यासारखा आवाज आला आणि मागची चाकं जाम झाली. कोणाला लागलं नाही. उघडून बघितलं तेव्हा आतले दाते भुग्यासारखे निघाले आणि तेल होतं दुधाच्या चहाच्या रंगाचं. इतक्या जुन्या गाडीचे सुटे भाग लवकर मिळेनात. त्या पावसाळ्यात आतल्या गावांची लसीकरणं राहिली ती राहिलीच.

साहेबांनी सगळ्यांना खोलीत बोलावलं. भाऊ रोवणी अर्धी टाकून आले होते, नखांत चिखल होता. दर ऑगस्टला त्यांचा वर्षाचा करार नवा व्हायचा आणि ऑगस्ट चार दिवसांवर होता. त्यांनी शांतपणे सांगितलं की तीन गाठी मारल्या होत्या. बदलीच्या ड्रायव्हरने मुलाची शपथ घेऊन सांगितलं की दोरा सरळ होता, एकही गाठ नव्हती, म्हणून भाऊंनी वाटेत तेल पाह्यलं असेल असं त्याला वाटलं. दोरा टेबलावर पडला होता. दोघांपैकी एक खोटं बोलतो आहे असं सगळ्यांना दिसत होतं, आणि दोघेही खरं बोलत होते.

त्या क्षणी मला माझी बोटं आठवली. पहिली गाठ घट्ट होती, नखाने सोडवावी लागली होती. दुसरी आणि तिसरी सहज सुटली. मी फोनवर बोलत होते, खाली बघितलंही नव्हतं, पण बोटांना सगळं आठवत होतं.

साहेबांनी मला विचारलं, भाऊंनी तेल बघण्यासाठी थांबायला सांगितलं होतं का. भाऊ माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "गडबडीत होतो आम्ही. तसं काही आठवत नाही."

हे वाक्य मी पुष्कळदा मनात खोडलं आहे. मला भीती वाटली, दुसरं कारण नाही. नुकताच वाढवून मिळालेला प्रकल्प आणि त्यातली माझी खुर्ची मला हातातून जाऊ द्यायची नव्हती. भाऊंनी नजर काढून घेतली आणि खाली बघितलं. तेल न बघता सुट्टीवर गेले असा ठपका ठेवून त्यांचा करार नवा केला नाही. जाताना त्यांनी उभी गाडी आतून पुसली आणि टेबलावरचा दोरा उचलून नेला. मी खिडकीतून बघत होते.

सहा महिन्यांनी गाडी दुरुस्त होऊन आली. तेव्हापासून मी शनिवारी तिच्याखाली झोपते. नवा ड्रायव्हर अवघडून बाजूला उभा राहतो. मी नट सैल करते, बोटावर तेल घेते, पुसते, पुन्हा घेते. पाइप दाबते. ग्रीस भरते. एवढं करूनही गाडी निघाली की वाटतं काहीतरी राहिलं, आणि मी पाच किलोमीटरवर तिला थांबवते. ऑफिसात माझं कौतुक होतं. डॉक्टरबाई किती काळजी घेतात गाडीची, असं साहेब पाहुण्यांना सांगतात. ते ऐकलं की मला तिथून पळून जावंसं वाटतं.

भाऊ ब्रह्मपुरीला काळीपिवळी जीप चालवतात हे मला कळलं होतं. मी तीनदा ब्रह्मपुरीला गेले. दरवेळी स्टँडसमोरच्या टपरीवर चहा घेतला, लांबून त्यांना सीटा भरताना बघितलं आणि परतीची बस धरली. मागच्या आठवड्यात चौथ्यांदा गेले तेव्हा सकाळी लवकर गेले. त्यांची जीप रिकामी उभी होती. मी पुढच्या सीटवर जाऊन बसले. त्यांनी ओळखलं, नमस्कार केला, माझ्या आईची तब्येत विचारली.

मी सगळं एका दमात सांगितलं. आलापल्लीला तुम्ही थांबायला सांगितलं होतं ते मला आठवत होतं, आणि गाठी मीच सोडल्या होत्या. बोलताना मी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते.

ते काचेवरची धूळ पुसत होते. पुसतच राहिले. मग म्हणाले, "मले मालूम होतं, डॉक्टरबाई. तुमचे हात कधी ठिकानी राह्यत नाई. दोरा सरळ पाह्यला तवाच समजलो."

मी विचारलं, मग साहेबांसमोर काऊन नाई बोलले तुम्ही. माझ्या तोंडून त्यांचीच बोली निघाली.

"तुम्ही बोलान म्हणून वाट पाहून राह्यलो होतो," ते म्हणाले.

मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही. त्यांनी मला गप्प केलं नाही आणि समजूतही घातली नाही. साहेबाले सांगितलं का, एवढं विचारलं. मी म्हटलं, नाही, आधी तुमच्याकडे आले. त्यांनी मान हलवली.

डोळे पुसल्यावर माझी नजर समोरच्या मुठीवर गेली. तिला काही बांधलेलं नव्हतं. दोरा टाकून दिला का, असं मी विचारलं. त्यांनी शर्टाच्या खिशातून तो काढून दाखवला. लाल रंग उडून गुलाबी झाला होता आणि त्याला एक गाठ होती. पहाटेच नाल्यातून जीप आणली, अजून तेल पाह्यलं नाई, असं म्हणाले.

"आता समोर बांधत नाही?"

"नाई," ते दोरा खिशात ठेवत म्हणाले. "समोर कोणीबी बसते."

दोन बाया आणि एक म्हातारा जीपकडे येत होते. मी त्यांना जागा करून दिली आणि उतरले. रस्त्यापलीकडे चंद्रपूरची बस लागली होती, आणि साहेब पाचपर्यंत ऑफिसात असतात.