कानटोपी घालून ऑपरेशनला

सात वर्षांची असताना माझ्या मुलीचं हृदय मधूनच पळत सुटायचं. ती गुमान टीव्ही बघत बसलेली असायची आणि गळ्याची शीर थडथड उडायला लागायची. डॉक्टरांनी तात्पुरता उपाय सांगितला होता: तोंडावर बर्फाची पिशवी धरा, नाहीतर तिला उलटं उभं करा.

पैठणला नणंदेकडे बारशाला गेलो आणि तिथंच हे सुरू झालं. नवरा समोरच्या रसवंतीवरून बर्फ आणायला धावला, मी तिचे पाय धरून तिला भिंतीशी उलटी उभी केली. पाळणा म्हणणाऱ्या बायका गप्प झाल्या. एका आजींनी हळूच विचारलं, पोरीनं एवढं केलं तरी काय? मिनिटभरानं नाडी ठिकाणावर आली. मुलगी "झालं" म्हणाली आणि घुगऱ्या खायला गेली.

शेवटी डॉक्टर म्हणाले, पायाच्या शिरेतून बारीक नळी हृदयापर्यंत नेऊ आणि जिथून विजेची चुकीची वाट जाते तेवढी जागा गोठवू. खरी वाट अगदी शेजारून जाते, म्हणून जाळण्यापेक्षा गोठवणं बरं. आधी थोडंच गार करून बघता येतं. चुकलं तर थांबायचं.

माझे सासरे निवृत्त कारकून, भर उन्हाळ्यातही कोमट पाणी पिणारे. सगळं नीट ऐकून घेऊन ते म्हणाले, "साहेब, पोरीच्या छातीत सर्दी तर नाय ना बसणार?"

डॉक्टर हसले नाहीत. गोठणारी जागा तांदळाच्या दाण्याएवढी असते, असं त्यांनी शांतपणे समजावलं.

ऑपरेशनच्या दिवशी गोठवायचं यंत्र पुण्याहून टेम्पोनं दवाखान्यात आलं, सोबत गार करणाऱ्या गॅसची टाकी. ती बघून सासरे घरी गेले आणि स्वेटर, कानटोपी घेऊन परतले. आत काही नेता येणार नाही, असं सिस्टरनं सांगितलं. बराच वेळ घासाघीस होऊन दारापर्यंत कानटोपी चालेल असं ठरलं. माझी लेक ऐन एप्रिलमध्ये, फक्त डोळे दिसताहेत अशी, स्ट्रेचरवरून गेली. मी रडत होते. नवऱ्याला वाटलं, हसतेय.

तीनेक तासांनी डॉक्टर बाहेर आले. पहिल्या जागी गार करताच खरी वाटही मंदावू लागली होती. त्यांनी लगेच थांबवलं, तशी ती पूर्ववत झाली. मग जरा सरकून दुसरी जागा गोठवली, आणि काम झालं.

सासऱ्यांनी विचारलं, "मग ती पहिली जागा परत गरम कशानं केली?"

"तिच्याच रक्तानं, काका."

दारात काढून दिलेली कानटोपी मांडीवर घेऊन ते बाकावर बसले.

आता दोन वर्षं होत आली, पुन्हा एकदाही तसं झालेलं नाही. ऑपरेशन झालं त्या दिवशी संध्याकाळपर्यंत नळी घातलेला पाय हलवू द्यायचा नाही, असं सिस्टरनं बजावलं होतं. सासरे पायथ्याशी बसून तिचा पाय दोन्ही हातांनी घट्ट धरून होते. नळी उजव्या पायातून गेली होती. त्यांनी डावा धरला होता. मुलीनं माझ्याकडे बघितलं. मी मानेनंच नको म्हटलं, आणि आम्ही दोघींनी त्यांना धरू दिला.