वडगावची वांगी आणि आबांचा पंप

पुण्याहून निघालेल्या गाडीतून मी केडगावला उतरले, तेव्हा ऊन चढायला लागलं होतं. वडगाव रासाईला माझी मैत्रीण वैशाली यंदा पहिल्यांदाच रसायनांशिवाय वांगी करत होती, ती मला बघायची होती. गच्चीवरच्या चार कुंड्यांच्या जोरावर मी स्वतःला सेंद्रिय शेतीतली जाणकार समजते, हेही सांगून टाकलेलं बरं.

"सेंद्रिय बघाया चाललाय व्हय?" मी कुठे आणि कशाला चालले ते ऐकून रिक्षावाल्याने विचारलं. "मग ताई, वाटंत डोळं मिटून बसा. समदा ऊस हाय, आन् समदा युरियावरचा."

मी काही डोळे मिटले नाहीत. गुऱ्हाळांचा गोडसर धूर रस्ताभर सोबतीला होता. भीमेचा पूल ओलांडला आणि दौंड तालुका संपून शिरूर लागला.

वैशालीने बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि वांग्याची सुकी भाजी वाढली. एरवी अखंड बोलणारी ही बाई आज सारखी रानाकडे बघत होती. शेवटी तिने सांगितलं. सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, विहिरीजवळचा तुकडा तिला एका हंगामापुरता दिला होता. वांगी साधली तर तुकडा तिचा, फसली तर पुन्हा खताची गोणी. "आन् फसल्यागत दिसतंय," ती म्हणाली.

रानात गेलो. अलीकडच्या सऱ्यांमधल्या झाडांचे शेंडे पिळवटले होते, कोवळी पानं शेवयांसारखी बारीक झाली होती. "रोग असेल एखादा," मी ज्ञान पाजळलं.

"रोग न्हाई," मागून आलेले आबा म्हणाले. "जीवामृत बाधलं. म्या म्हनलंच हुतं."

जीवामृत (शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आणि मूठभर माती आंबवून केलेलं पाणी) वैशालीने स्वतः ढवळून केलं होतं. तिचे डोळे भरून आले, पण ती मागे हटली नाही. "आबा, पल्याडच्या सऱ्यांना बी त्येच दिलंय. पाटाच्या पान्यातनं सोडलंय. ती झाडं बघा की." पलीकडची झाडं खरोखरच हिरवीगार होती, जांभळ्या फुलांनी भरलेली.

"मग हितं काय येगळं केलंस?"

"हितं फवारलं. तुमचा पंप घिऊन."

आबा थबकले. वाकून त्यांनी एक पान हातात घेतलं, बराच वेळ चोळत राहिले. मला वाटलं, आता ते घराकडे चालू लागतील. ते गप्प बसते तर तुकडा आपोआप त्यांच्याकडे परत आला असता.

"पोरी," ते म्हणाले, "त्या पंपानं म्या उसात तणनाशक मारलं हुतं. नुसता पान्यानं इसळला. तुजं जीवामृत चांगलं हाय, माजा पंप वंगाळ."

वैशालीने ते पान त्यांच्या हातातून घेतलं आणि निरखून पाहिलं.

"ह्यो हंगाम धरायचा न्हाई," आबा पुढे म्हणाले. "म्होरला बी तुजाच."

परतताना रिक्षात आबाही माझ्यासोबत केडगावला आले. कृषी सेवा केंद्राच्या मालकाने त्यांना पाहताच सवयीने तणनाशकाची बाटली काढली.

"आज नको. नुसता नवा पंप द्या," आबा म्हणाले. "आन् त्यावर रंगानं नाव घाला."

"तुमचंच ना, आबा?"

"न्हाई. सुनंचं. ठळक घाला, म्हंजी माजा बी चुकून हात जायचा न्हाई."

गाडी सुटली तेव्हा खिडकीतून तोच युरियावरचा ऊस दिसत होता. तो एका वर्षात बदलणार नाही, एवढं मलाही कळतं. तरी मला फार बरं वाटत होतं. केडगावच्या दुकानात एक म्हातारा माणूस वैशालीच्या नावाचा रंग वाळायची वाट बघत बसला होता.