यावर बसणार कोण?

चष्मा कपाळावर सरकवायचा, समोरचं गवत कापायच्या यंत्राचं रंगीत माहितीपत्रक पालथं घालायचं आणि विक्रेत्याकडे पाहून विचारायचं, "ते सगळं ठीक आहे हो. पण यावर बसणार कोण?"

बाईंचा हा प्रश्न ऐकला की भले भले विक्रेते गांगरायचे. इंजिनाची ताकद, पात्याची रुंदी, सुटे भाग कुठे मिळतात, सगळं ते पाठ करून आलेले असत. हे एवढंच त्यांच्या बॅगेत नसे.

"कोण म्हणजे, मॅडम, ऑपरेटर बसेल."

"त्याला काही नाव असेल ना?"

आमची कंपनी संगणकाची. पुण्याभोवती जिकडेतिकडे काचेच्या इमारती उगवत होत्या त्या काळात बावधनच्या बाजूला, टेकडीच्या उतारावर तीही उगवली. मी खरेदी विभागात होतो. टाचणीपासून लिफ्टपर्यंत सगळं माझ्या सहीनं यायचं, त्यामुळे मी फार महत्त्वाचा आहे असं मला वाटे. बाई बागेच्या प्रमुख. मूळच्या नागपूरच्या, शेतकीच्या पदवीधर. कोथरूडला राहून कित्येक वर्षं झाली होती, तरी चहाचा कप हातात आला की म्हणायच्या, "एवढासाच? काय बाप्पा तुम्ही पुणेकर! हा चहा आहे की औषध?"

"औषधच आहे," मी म्हणायचो. "दुसरा कप मागायची सवय मोडते त्यानं."

त्या खळखळून हसायच्या आणि दुसरा कप मागायच्या.

आमच्या मोठ्या साहेबांनी अमेरिकेतल्या कंपन्यांची हिरवळ पाहिली होती. तशीच त्यांना इथे हवी होती. वास्तुविशारदानं कागदावर हिरवा रंग फासून दिला. कागद सपाट होता, टेकडी नव्हती. इमारतीपुढचा उतार तसा सौम्य, पण मागे नाल्याकडे जाणारा पट्टा असा की चालताना टाचा रोवाव्या लागत. तुम्ही कधी अशा उतारावर ओल्या गवतातून चपला घालून उतरला असाल, तर पुढचं सगळं तुम्हाला कळेल.

हे सगळं गवत कापायचे बबनराव. कंपनीच्या जागेत त्यांच्या घराण्याचं शेत गेलं होतं आणि त्याच जमिनीवर ते माळी म्हणून लागले होते. ढकलत न्यायचं यंत्र घेऊन ते दिवसभर उतार चढायचे, उतरायचे. संध्याकाळी घरी जाताना पायऱ्या आडव्या पावलांनी उतरायचे, कठड्याला धरून. आम्ही ते रोज पाहायचो आणि आपापल्या बसमध्ये बसायचो. बाई मात्र थांबायच्या.

"बबनराव, गुडघे काय म्हणून राहिले?"

"गुडघं कशाला बोलत्यात, मॅडम. मीच बोलतो त्येंच्याशी."

त्या आठवड्यात बाईंनी साहेबांकडे बसून चालवायचं यंत्र मागितलं. साहेब लगेच हो म्हणाले, कारण अमेरिकेत त्यांनी तसंच पाहिलं होतं. बाईंना काय हवं होतं ते वेगळंच होतं. असंच ढकलणं चाललं तर बबनरावांचे पाय जाणार होते. आणि भलतंच यंत्र आणलं तर उतारावर ते उलटून त्यांच्या अंगावर येणार होतं. या दोन्हींच्या मधलं यंत्र शोधायचं होतं. बबनरावांना यातल्या कशाशीच देणंघेणं नव्हतं. "आपल्याला त्याच्यावर बसायचं हाय," एवढंच ते म्हणत आणि लहान मुलासारखे लाजत.

पहिलं यंत्र आलं ते लालभडक, छोट्या ट्रॅक्टरसारखं. पाण्याची बाटली ठेवायलाही जागा. विक्रेत्यानं ते वाहनतळावर झोकात फिरवून दाखवलं. साहेब खूश झाले. बाई म्हणाल्या, "आता उतारावर न्या."

विक्रेता घुटमळला. फार चढ असेल तर कंपनी शिफारस करत नाही, असं काहीतरी पुटपुटला. मग बाईंनी पिशवीतून भाच्याच्या कंपासपेटीतला कोनमापक काढला. त्याला दोऱ्यानं एक नट बांधलेला होता. फळी गवतावर टेकवून, तिच्यावर तो धरून त्यांनी सगळा उतार आधीच मोजून ठेवला होता. मागच्या पट्ट्याचा आकडा ऐकून विक्रेत्यानं रुमाल काढला.

"मग मीच बसते," बाई म्हणाल्या.

पंजाबी ड्रेसची ओढणी कमरेला खोचून त्या खरंच बसल्या. पुढच्या सौम्य उतारावर यंत्र सरळ वर गेलं, ठीक गेलं. वळताना मात्र वरच्या बाजूचं चाक जमिनीवरून उचललं गेलं आणि पुन्हा टेकलं. बाई उतरल्या तेव्हा त्यांचे ओठ पांढरे पडले होते. त्या घोटभर पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "नाही."

साहेब म्हणाले, "अहो, जगभर हीच चालतात."

"चालत असतील. इथे बबनराव चालवणार आहेत."

असं करत बाईंनी सगळ्या पुण्याचे विक्रेते दमवले. एक यंत्र जागच्या जागी गर्रकन फिरायचं, पण उतारावर त्याची पुढची चाकं घसरायची. शेवटी एक मिळालं. बुटकं, फताडं, चारही चाकांना जोर असलेलं, उलटलं तरी माणूस खाली सापडू नये म्हणून डोक्यामागे लोखंडी कमान आणि कमरेला पट्टा. दिसायला अगदीच ओबडधोबड. साहेबांनी नाक मुरडलं. बाईंनी त्यावर आणखी एक अट घातली, की नाल्याकडचा मागचा पट्टा यानंही कापायचा नाही. तिथे टेकडीचं गवत वाढेल तसं वाढू द्यायचं.

"ती बाजू मीटिंग रूममधून दिसते, बाई."

"मग पडदा लावा."

बाईंना एव्हाना पुण्याचं पाणी लागलं होतं. साहेब यंत्राला हो म्हणाले. मागच्या पट्ट्याचं नंतर पाहू म्हणाले.

यंत्र खंडेनवमीच्या आदल्या दिवशी आलं. दुसऱ्या दिवशी कंपनीतल्या सगळ्या यंत्रांची पूजा, तेव्हा याचीही करायचं ठरलं. बाई बौद्ध. त्या पूजेत नसायच्या, पण पूजेला हजर असायच्या. जरा बाजूला, हात जोडून, आणि पेढ्याला सगळ्यांच्या आधी. त्या दिवशी त्यांना यायला थोडा उशीर झाला.

साहेबांना फोटोत मागे इमारत हवी होती, म्हणून पूजा उताराच्या माथ्यावर. पूजेआधी इंजिन सुरू करायचं नाही, असं माळ्यांचं म्हणणं. म्हणून चाकं मोकळी करणारा खटका ओढून, हातब्रेक सोडून सगळ्यांनी यंत्र ढकलत वर आणलं. चाकांखाली रिवाजाप्रमाणे लिंबं ठेवली, एका चाकाला वीट लावली. हार घातला. बबनराव नवी टोपी घालून वर बसले.

बाई आल्या त्या लांबूनच ओरडल्या, "पट्टा!"

"फोटोपुरतंच बसलोय, मॅडम."

"फोटोलासुद्धा पट्टा लावा."

सगळे हसले. बबनरावांनी लाजत पट्टा लावला. नारळ फुटला. फोटोवाल्याला ती वीट खटकत होती, त्यानं ती पायानं बाजूला सारली.

लिंबं चेचल्याचा आवाज मला आजही ऐकू येतो. यंत्र निघालं. बबनरावांनी घाबरून चक्र फिरवलं, यंत्र आडवं झालं, थोडं घसरलं आणि कुशीवर पडलं. लोखंडी कमान मातीत रुतली आणि ते तिथेच थांबलं.

चपला टाकून पहिल्या धावल्या त्या बाई. आम्ही मागून. बबनराव पट्ट्याला लटकत होते, टोपी गेलेली, यंत्राचा हार गळ्यात आलेला. बाई त्यांचे हातपाय चाचपू लागल्या. बबनराव म्हणाले, "मी हाय, मॅडम. हाय मी."

त्यांना काढून सावलीत बसवल्यावर बाई गवतात बसल्या आणि सगळ्यांदेखत रडल्या. "सगळं बघितलं मी," त्या म्हणत राहिल्या, "ढकलत आणलं, ब्रेक तसाच सुटा राहिला, ते नाही विचारलं." बबनराव त्यांच्या शेजारी बसून त्यांनाच पाणी देत होते. साहेब आत गेले आणि मागच्या पट्ट्याबद्दल पुन्हा कधी बोलले नाहीत.

यंत्राला फक्त खरचटलं होतं. बबनराव त्यावर पुढे रोज बसले. संध्याकाळी पायऱ्या सरळ पावलांनी उतरू लागले. मागे टेकडीचं गवत छातीएवढं वाढतं, थंडीत पिवळं पडतं, आणि परदेशी पाहुणे काचेतून बघून साहेबांच्या निसर्गप्रेमाचं कौतुक करतात. बाई होत्या तोवर अशा वेळी माझ्याकडे बघून डोळा मिचकावायच्या.

निवृत्त झाल्यावर त्या नागपूरला परतल्या. अधूनमधून फोन यायचा. माझी चौकशी तोंडदेखली, मग लगेच, "बबनराव पट्टा लावतात ना?" मी म्हणायचो, "जेवतानासुद्धा लावतात." मला त्या माणसाचा फार हेवा वाटायचा. आपल्याबद्दल कोणीतरी इतकं विचारणारं असावं, दुसरं काय हवं असतं?

गेल्या वर्षी भाच्याचा फोन आला. बाई गेल्या. आजारी असल्याचं त्यांनी आम्हाला कळूही दिलं नव्हतं. मी खाली जाऊन बबनरावांना सांगितलं. त्यांनी यंत्र बंद केलं, पण बराच वेळ ते उतरले नाहीत.

पंधरवड्यानं खंडेनवमी आली. आता पूजा वाहनतळावर, सपाट जागी होते. सगळ्या यंत्रांना हार घातले गेले. बबनरावांनी आपल्या यंत्राचा हार पुढे घातला नाही. तो त्यांनी सीटवर ठेवला आणि त्याच्यावरून पट्टा लावला.